मस्क्युलर डिस्ट्रॉफी : स्टेम सेल आणि फिजिओथेरपी दोन्ही एकत्र केलेलं कुणी आहे का?

निशिगंध (धागाकर्ती)

नमस्कार. इतकी वर्षं इथले बागेचे आणि पाककृतींचे धागे वाचत आले, आज पहिल्यांदाच स्वतः धागा काढतेय.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जाण्याचा जनुकीय आजार. लहानपणी सासूबाई त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळताना कौतुकाने म्हणायच्या, "पायाने पैलवान आहे गं पोरगं." त्या टणक, भरलेल्या पोटऱ्या हेच आजाराचं लक्षण होतं, हे आम्हाला साडेचार वर्षांनी कळलं. त्याआधी सहा महिने यकृताचं औषध चालू होतं, कारण रक्तात एसजीपीटी वाढलेलं होतं. मग एका बालरोगतज्ज्ञांनी त्याला जमिनीवर बसवून उठायला सांगितलं. तो नेहमीसारखा आधी ओणवा झाला, मग मांडीवर एकेक हात टेकवत उभा राहिला. डॉक्टर गप्प झाले आणि सीपीके लिहून दिलं, स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते. चौदा हजार आलं. नंतर जनुकीय तपासणी झाली, त्यात ४५ ते ५० हे एक्झॉन, म्हणजे जनुकाचे तुकडे, नाहीत.

आता तो चवड्यांवर चालतो, पोट पुढे काढून. कठडा धरून एकेक पायरी चढतो. डेफ्लाझाकॉर्ट हे स्टेरॉइड चालू आहे, गाल फुगलेत. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला नेते.

नात्यातल्या एकांनी एका क्लिनिकचा व्हिडिओ पाठवला. सात दिवस राहायचं. कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढतात, त्यातल्या पेशी वेगळ्या करून त्याच दिवशी मणक्यातून आणि काही स्नायूंमध्ये इंजेक्शनने देतात. उरलेले दिवस सकाळ-संध्याकाळ फिजिओथेरपी. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "पेशी ताकद आणतात, व्यायाम ती ताकद वापरायला शिकवतो, म्हणून दोन्ही एकत्रच हवं." एका खेपेचे सव्वादोन लाख, अशा तीन खेपा. गावाकडे यांच्या वाटणीची वीस गुंठे जमीन आहे, ती विकायचं बोलणं चाललंय.

कुणी हे केलंय का? काय झालं? मनापासून सांगा. भांडू नका, एवढंच.

---

रानवारा

ताई, आम्ही केलंय. दोन वेळा. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, आता अकराचा आहे.

फरक पडला होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आधी रात्री कूस बदलायला हाक मारायचा, महिन्या-दीड महिन्यात स्वतः वळायला लागला. जमिनीवरून उठायला लागणारा वेळ कमी झाला. शाळेतल्या बाईंनीही विचारलं, काय केलंत म्हणून. आठ-नऊ महिन्यांनी परत पहिल्यासारखं झालं, मग दुसऱ्यांदा नेलं. तेव्हा तेवढा फरक दिसला नाही.

पैसे गेल्याचं वाईट वाटत नाही. बाप म्हणून काही केलं नाही असं तरी वाटत नाही. पण खोटी आशाही देणार नाही. आता तो चालत नाही.

---

पिंपळपान

निशिगंध, धागा वाचून डोळे भरले. अनुभव काही नाही, पण रोज येऊन वाचणार आहे.

---

आकडेमोड

या क्षेत्रातला मी नव्हे. भाच्याला हा आजार आहे म्हणून दहा वर्षं मिळेल ते वाचत आलोय.

आधी मूळ अडचण. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन स्नायूपेशीच्या आवरणाला आतून धरून ठेवतं, प्रत्येक आकुंचनाचा धक्का सोसतं. त्याचं जनुक माणसातलं सगळ्यात मोठं, ७९ एक्झॉनचं. त्यातला तुकडा गळला की ते प्रथिन तयारच होत नाही, आवरण फाटत राहतं, आतलं सीपीके रक्तात येतं. स्नायूकडे स्वतःच्या मूळपेशी (स्टेम सेल) असतात, त्या १९६१ मध्ये पहिल्यांदा दिसल्या. त्या दुरुस्ती करत राहतात, पण पुरे पडत नाहीत, आणि जागा चरबी आणि चिवट तंतू घेतात.

आता मुलाच्याच कमरेतून काढलेल्या पेशी बघा. त्यांतही तोच तुकडा गळलेला आहे. त्या कुठेही सोडल्या तरी डिस्ट्रॉफिन आणणार कुठून? मणक्यातून देण्याचा अर्थ तर मला अजून लागलेला नाही. मणक्यात मज्जातंतू आहेत, आणि हा आजार मज्जातंतूंचा नाही, स्नायूंचा आहे.

दुसऱ्याच्या निरोगी पेशी देऊनही पाहिलंय. १९९५ मध्ये एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात बारा मुलं होती. वडिलांच्या किंवा भावाच्या स्नायूपेशी एका दंडात दिल्या, दुसऱ्या दंडात नुसतंच इंजेक्शन. सहा महिने दर महिन्याला. दोन्ही दंडांच्या ताकदीत फरक निघाला नाही. इटलीत मिलानला पाच मुलांना, ज्यांच्या ऊती तंतोतंत जुळतात अशा सख्ख्या भावांच्या पेशी रक्तवाहिनीतून दिल्या. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. उपचार बऱ्यापैकी सुरक्षित ठरला, पण चालण्या-उठण्यात सुधारणा नाही. ही मंडळी प्रामाणिक होती, म्हणून तर त्यांनी "नाही" असं लिहून छापलं.

---

काकडा

आकडेमोड, तुमचं वाचन दांडगं आहे, मान्य. पण रानवारादादा स्वतःच्या मुलाचं सांगताहेत, त्याचं काय? पुस्तकात नाही म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं खोटं? ज्या आईच्या हातात दुसरं काही नाही तिच्या हातून आशा तरी काढून घेऊ नका. माझ्या मावसभावाला हाच आजार होता. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "घरी न्या, जेवढे दिवस आहेत तेवढे." ते वाक्य मावशी मरेपर्यंत विसरली नाही.

---

चालतीबोलती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोळा वर्षं लहान मुलांमध्येच काम करतेय.

काकडा, तुमच्या मावशींना जे ऐकावं लागलं ते चूकच होतं. "घरी न्या" असं म्हणण्यासारखा हा आजार नाही, करण्यासारखं भरपूर आहे. आणि रानवारादादा खोटं बोलत नाहीत, अशी सुधारणा मीही पाहिलीय. प्रश्न एवढाच, ती कशाने झाली?

दादा, तीन गोष्टी आठवून सांगाल? क्लिनिकला जायच्या आधी मुलाची फिजिओथेरपी किती होत होती? तिथून आल्यावर किती झाली? आणि स्टेरॉइड केव्हा सुरू केलं?

का विचारतेय ते सांगते. या मुलांमध्ये साधारण सात वर्षांपर्यंत दोन गोष्टी एकदम चालू असतात. आजार स्नायू खात असतो आणि वय वाढतं म्हणून मूल काही गोष्टी नव्याने शिकत असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला तुम्ही काहीही दिलंत, त्यात स्टेरॉइड सुरू असलं, तर सहा महिन्यांनी तो आधीपेक्षा बरं करू शकतो. पुढे उतार सुरू होतो. म्हणून तुलनेला दुसरी मुलं लागतात, ज्यांना तेवढीच फिजिओथेरपी दिली पण पेशी दिल्या नाहीत. दोन्ही एकत्र दिलं आणि तुलनेला कुणीच नाही, तर श्रेय सुईला जातं. सकाळ-संध्याकाळ पाय धरून बसलेल्या आईला कुणी श्रेय देत नाही.

---

भूलतज्ज्ञ_सातारा

सगळ्यांत आधी हे वाचा, निशिगंधताई. मॅरो कुठेही काढा, दात काढा, हाड मोडून प्लास्टर घालायची वेळ येवो, भूल देणाऱ्याला आधी सांगा : "मुलाला डुशेन आहे." सक्सिनिलकोलीन हे इंजेक्शन या मुलांना चालत नाही, रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकतं. हुंगवून देतात ती भूलही टाळायची असते. आधी हृदयाची इको आणि श्वासाची तपासणी हवी. दुसरं, स्टेरॉइड एकाएकी बंद करायचं नाही, शस्त्रक्रियेच्या दिवशीही नाही, उलट तेव्हा जादा लागू शकतं. हे सगळं एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून दप्तरात ठेवा. शाळेतही एक प्रत द्या.

---

सातासमुद्रापार

न्यू जर्सीतून लिहितेय. मुलगा तेरा वर्षांचा.

इथे सगळं मिळतं असं भारतातल्या नातेवाइकांना वाटतं. २०२३ मध्ये जनुक-उपचाराला मंजुरी मिळाली, किंमत ३२ लाख डॉलर. आम्ही आशेने पाहत होतो. मग २०२५ मध्ये तो घेतलेल्या, चालणं थांबलेल्या दोन मुलांचे यकृत निकामी होऊन मृत्यू झाले. माझा मुलगाही चालत नाही. त्या आठवड्यात घरी कुणी कुणाशी बोललं नाही.

पेशींचं म्हणाल तर इथे ज्याची चर्चा आहे ती वेगळीच गोष्ट आहे. दान केलेल्या हृदयातून वाढवलेल्या पेशी, नाव डेरामिओसेल, दर तीन महिन्यांनी शिरेतून १५ कोटी पेशी. त्या नवीन स्नायू बनवत नाहीत, सूज आणि तंतू होणं कमी करतात, असं म्हणणं आहे. वीस जणांच्या चाचणीत हातांची आणि हृदयाची घसरण मंदावलेली दिसली, २०२२ मध्ये ते छापून आलं. तरी जुलै २०२५ मध्ये इथल्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) मंजुरी न देता आणखी पुरावा मागितला. तुलनेसाठी औषध नसलेली सलाइन दिलेली मुलं होती, मोजमाप होतं, आणि घरच्यांकडून पैसे घेतले नव्हते, तरीही. तुमच्या क्लिनिकच्या व्हिडिओशी हे ताडून बघा.

---

आकडेमोड

सातासमुद्रापार यांनी पैशांचा मुद्दा काढलाच आहे तर कायद्याचं सांगतो. आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची स्टेम सेलविषयी २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार रक्ताच्या आजारांसाठी होणारं मॅरो प्रत्यारोपण हाच मान्य उपचार. बाकी सगळं प्रायोगिक, मंजूर चाचणीतच करायचं, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

तेव्हा क्लिनिकला एकच प्रश्न विचारा. ही चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक द्या, आणि पैसे का घेता ते सांगा. चाचणी नसेल तर कोणत्या मान्यतेने देता ते लेखी द्या.

---

अभंग२४

मी चोवीस वर्षांचा आहे. मलाच डुशेन आहे. पडद्यावरच्या कळफलकावर एका बोटाने टाइप करतो, त्यामुळे हे दोन दिवसांत लिहून झालंय.

माझे आईबाबा मला नऊव्या वर्षी अशाच एका ठिकाणी घेऊन गेले होते. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या जागी मीही नेलं असतं. पण जे झालं ते सांगतो. कमरेतून मॅरो काढल्यावर दुखत होतं म्हणून मी चार दिवस पलंगावर होतो. घरी आल्यावर ताप आला, आणखी आठ दिवस. मी आधीच कसाबसा चालत होतो. बारा दिवसांनी उभं केलं तर गुडघे लॉकच होईनात. डुशेनमध्ये झोपून काढलेला प्रत्येक दिवस महाग पडतो, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

माझं काय टिकलं ते सांगतो. आई सकाळी सहाला रेडिओ लावायची. भक्तिगीतं संपेपर्यंत उजवा पाय, बातम्या लागल्या की डावा. टाच तळहातात धरायची, पाऊल आपल्या मनगटावर टेकवायची आणि हळूच माझ्याकडे ढकलायची, गुडघा सरळ ठेवून. मी कुरकुरायचो. चालणं गेल्यावर बहुतेक लोक स्ट्रेचिंग सोडतात, आता काय उपयोग म्हणून. आईने सोडलं नाही. आज माझी पावलं व्हीलचेअरच्या पाटीवर सपाट बसतात, बूट घालता येतात. माझ्या मित्राची पावलं आत वळली आहेत, त्याला मोजा घालतानाही कळ येते.

ताई, आणखी एक. सगळे फक्त पायांकडे बघतात. हात, बोटं, खांदे यांच्याकडेही आत्तापासून बघा. श्वासाची तपासणी दरवर्षी करा. मी रात्री बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं यंत्र, लावतो, खोकल्याला यंत्राची मदत घेतो. पाय गेले तेव्हा मी रडलो, पण बोटं आहेत म्हणून पदवी झाली, नोकरी करतोय, आणि तुम्हाला लिहितोय.

---

पिंपळपान

अभंग, तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग रे बाळा.

---

अभंग२४

सांगितला. म्हणाली, आता रेडिओ नाही, मोबाइल आहे, पण वेळ सहाचीच.

---

सुगरण_कोल्हापूर

आमच्याकडे एक वैद्य जोरात मालीश करतात, गाठी फोडतात म्हणे. पोटऱ्या मऊ होतील का त्याने?

---

चालतीबोलती

नको हो. कोमट तेलाने हलका हात फिरवायला हरकत नाही, मुलाला बरं वाटतं. जोरात रगडणं, तुडवणं अजिबात नको. ती गाठ नाही, तिथे स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरलेले आहेत. फोडण्यासारखं काही नाही, उरलेला स्नायू मात्र दुखावेल.

तसंच व्यायामाचं. "ताकद वाढव" म्हणून उठाबशा काढायला लावणारे, पायाला वाळूच्या पिशव्या बांधणारे लोक मी पाहिलेत. या मुलांचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावावा लागला की सर्वांत जास्त फाटतो. जिना चढण्यापेक्षा उतरणं जास्त बाधतं ते यामुळे. उठाबशा, ट्रॅम्पोलिन, वजनं नकोत. दमेल तिथे थांबायचं. दुसऱ्या दिवशी अंग दुखलं किंवा लघवी चहासारखी झाली तर व्यायाम जास्त झाला, लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

काय करायचं : घोटा, गुडघ्यामागची शीर, खुब्याचा पुढचा भाग आणि मांडीची बाहेरची बाजू यांना आठवड्यातून किमान चार ते सहा दिवस ओढ. क्लिनिकमध्ये दोनदा नेऊन भागत नाही, घरीच करायला शिकावं लागतं. कोमट पाण्यात पोहणं सगळ्यांत छान. नेदरलँड्समध्ये २०१३ ला तीस मुलांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्या मुलांनी चोवीस आठवडे मोटरच्या मदतीची सायकल, पंधरा मिनिटं पायाने आणि पंधरा मिनिटं हाताने चालवली. त्यांची घसरण थांबली, न करणाऱ्यांची होत राहिली. मुलंही सायकल म्हटल्यावर खूश.

रात्री घोट्याचे स्प्लिंट, म्हणजे पाऊल काटकोनात धरून ठेवणारे साचे, लावायचे. दिवसा चालताना मात्र नाही! निशिगंधताई, तो चवड्यांवर आणि पोट पुढे काढून चालतो तो हट्ट नाही. मांड्या कमजोर झाल्यात म्हणून तो शरीराचा तोल तसा ठेवून गुडघे लॉक करतो. दिवसा टाच जबरदस्तीने टेकवली तर तो पडेल.

---

निशिगंध (धागाकर्ती)

चालतीबोलती, हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मी त्याला रोज ओरडत होते, "टाच टेकव, नीट चाल." रोज.

---

चालतीबोलती

तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आज त्याला सांगा, आईला आत्ता कळलं.

---

जाईजुई

थोडं विषयांतर, माफ करा. माझ्या मामेभावाच्या मुलाला हे निघालंय आणि मला चौथा महिना आहे. घरात सगळे म्हणतात आईकडून येतं. मला भीती वाटतेय.

---

आकडेमोड

जाईजुई, मामेभाऊ तुमच्या आईच्या माहेरचा. त्याचा मुलगा आजारी असला तर ते जनुक त्या मुलाच्या आईकडून, म्हणजे तुमच्या वहिनीकडून आलेलं किंवा मुलातच नव्याने बिघडलेलं असणार. मुलगा वडिलांकडून वाय घेतो, एक्स नाही. तेव्हा हा आजार तुमच्या रक्तातला नाही. मनाला शांती हवी तर जनुकीय समुपदेशन करणाऱ्या डॉक्टरांना एकदा भेटून या. खरी तपासणी वहिनीच्या बहिणींनी करायला हवी.

---

जाईजुई

किती दिवसांनी नीट झोपेन आज. वहिनीच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, तिला सांगायला हवं.

---

निशिगंध (धागाकर्ती)

"आईकडून येतं" यावर मलाही बोलायचंय. आमच्या घरी हे वाक्य चार वर्षं जेवणाच्या ताटाशेजारी बसलेलं आहे. माझी तपासणी झाली तेव्हा मी वाहक नाही असं निघालं. जवळजवळ एक तृतीयांश मुलांमध्ये बदल नव्यानेच होतो, असं डॉक्टर म्हणाले. तो कागद मी सासूबाईंना दाखवला नाही. वाहक असते तरी माझा काय दोष होता? हे एकदा कुठेतरी लिहायचं होतं.

---

काकडा

काही दोष नाही, ताई. सासूबाईंनी पोटऱ्यांना तेल लावलं तेही प्रेमानेच ना. त्यांनाही कुणावर तरी दुःख ठेवायला जागा हवी असेल, पण ती जागा तुम्ही नव्हे.

---

रानवारा

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण शोधत होतो. चालतीबोलतीताईंनी विचारलं त्यावर आधी राग आला होता, खोटं सांगणार नाही. मग बायकोने कपाटातून तिची वही काढून दिली. ती मुलाचं सगळं लिहून ठेवते.

क्लिनिकच्या आधी फिजिओथेरपी आठवड्यातून एकदा, तीही तालुक्याला जायला जमलं तर. स्टेरॉइड सुरू केलं ते क्लिनिकला जायच्या दोन महिने आधी. तिथे सात दिवस दिवसातून दोनदा व्यायाम झाला. घरी येताना त्यांनी कागद दिला, रोज दीड तास करा, नाहीतर पेशी वाया जातील. सव्वादोन लाख दिलेले, त्यामुळे एक दिवस चुकवला नाही. वहीत रोज बरोबरची खूण आहे. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत सलग. नोव्हेंबरात उसाची तोड आली, त्यात बायकोचं गर्भाशयाचं ऑपरेशन. खुणा विरळ झाल्या. फेब्रुवारीत एकही नाही. आणि मार्चच्या पानावर तिने लिहिलंय, "परत हाक मारतो, कुशीवर वळवायला."

मी हे कधी जोडून पाहिलं नव्हतं. काल रात्री वही मांडीवर घेऊन बसलो होतो.

---

चालतीबोलती

दादा, त्या सहा महिन्यांच्या खुणा वहिनींच्या हातच्या आहेत. त्या पेशींनी केलेल्या नाहीत.

आणि अकराव्या वर्षी, चालणं थांबल्यावरही, पुन्हा सुरू करता येतं. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे स्प्लिंट बनवून मिळतात. एकदा खुर्चीतली बसण्याची पद्धत तपासून घ्या, पाठ एका बाजूला झुकतेय का ते बघा. चालणं थांबल्यावर पाठीला बाक येण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो.

---

सातासमुद्रापार

रानवारादादा, इथे माझ्या मुलाला शाळेत फिजिओथेरपी मिळते म्हणून मी घरी ढिलाई केली होती. तुमची वही वाचून काल रात्री स्वतः त्याचे पाय घेऊन बसले. "आई, तुला काय झालं?" म्हणाला.

---

काकडा

मी आधी चिडून लिहिलं होतं. मी अजूनही म्हणेन की आई-बापांना नुसतं "नाही" ऐकवू नका. पण "नाही" नंतर जे इथे लिहिलंय ते माझ्या मावशीला कुणी सांगितलं असतं तर.

निशिगंधताई, दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलंत का? २०१६ च्या कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावाने आहे, शाळेचा वर्ग तळमजल्यावर मागायला ते कामी येतं. मावसभावाला त्याचे मित्र तीन मजले उचलून न्यायचे.

---

निशिगंध (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी लिहितेय.

क्लिनिकला फोन केला. नोंदणी क्रमांक विचारला. आधी म्हणाले, "मॅडम, पाठवतो." दोन दिवसांनी म्हणाले, ही चाचणी नाही, आमचा स्वतःचा प्रोटोकॉल आहे. मग मी विचारलं, ज्या मुलांना फक्त फिजिओथेरपी दिली त्यांच्याशी तुलना आहे का? बाई जरा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "या आठवड्यात नाव नोंदवलंत तर वीस हजार कमी करू." यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि ठेवून दिला. जमीन विकत नाही आहोत.

मुंबईला केईएम रुग्णालयात दुर्मिळ आजारांचं केंद्र आहे, तिथे नाव घातलंय. त्याच्या ४५ ते ५० च्या गळतीवर एक्झॉन ५१ वगळणारी, म्हणजे तो तुकडा ओलांडून पुढचं जनुक वाचायला लावणारी, औषधं आहेत, कुठली चाचणी सुरू झाली तर कळवतील म्हणाले. पेशींची असली तरी जाईन, पण तुलना करणारी, पैसे न घेणारी.

घरी असं चाललंय. सकाळी साडेसहा ते सव्वासात, हे उजवा पाय घेतात आणि मी डावा. आधी आमची बरीच भांडणं झाली, कोण जास्त जोरात ओढतं यावरून. संध्याकाळी तो पालथा झोपून कार्टून बघतो, वीस मिनिटं, खुब्याच्या पुढच्या भागाला आपोआप ओढ बसते, ही युक्ती आमच्या फिजिओताईंची. शनिवारी महापालिकेच्या तलावावर जातो. पाण्यात तो उडी मारतो! जमिनीवर त्याने कधी मारलीच नव्हती.

सासूबाईंनी परवा विचारलं, "मला शिकव ना तो पाय कसा धरायचा." शिकवलं. तो कागदही दाखवला.

एकच अडचण. रात्रीचे स्प्लिंट तो झोपेत लाथाडून काढतो. घाम येतो म्हणतो, टाचेला लाल होतं. काय करू?

---

चालतीबोलती

पातळ सुती मोजा घाला, शिवण बाहेरच्या बाजूला येईल असा. लाल झालेली जागा वीस मिनिटांत नाहीशी झाली नाही तर स्प्लिंट तिथे घासतोय, ज्यांनी बनवला त्यांच्याकडून गरम करून पसरवून घ्या. एकदम पूर्ण रात्र नको. आधी संध्याकाळी टीव्ही बघताना एक तास, मग दोन, मग झोपताना. सोसेल तेवढंच वाढवा. पूर्ण रात्र नाही जमली तरी संध्याकाळचे दोन तास सोडू नका.

---

अभंग२४

माझ्या स्प्लिंटवर आईने क्रिकेटच्या संघाचे स्टिकर लावले होते. मी ते लाथाडायचो नाही.

---

रानवारा

ताई, घोट्याचा कोन मोजून घेतलात का? आम्ही परवा घेतला. उजवा काटकोनाला बारा अंश कमी, डावा वीस. बायकोने नवी वही घातलीय, पहिल्या पानावर तेच आकडे आहेत. तुमच्याकडचे काय आले ते इथे लिहा, दर महिन्याला दोघं मिळून लिहू.